तांबडं मीठ आणि भागीकाकीची जीभ

संपादकांनी पत्र पाठवून माझ्याकडे "दर्यावरच्या गमतीजमती" मागितल्या आहेत. मच्छीमारांच्या सोसायटीत उमेदीची वर्षं काढली म्हणजे माझ्याकडे वादळं, देवमासे आणि गलबतावरची भुतं पोत्यानं भरलेली असणार, असा त्यांचा समज दिसतो. त्यांची निराशा करणं भाग आहे. मी वैभववाडीकडचा, डोंगराच्या पायथ्याचा माणूस. मला आजही धड पोहता येत नाही आणि होडीत बसलो की ती मला लागते. माझा संबंध आला तो एका मिठाशी. ते मीठ खायचं नव्हतं, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

आज जाळी नायलॉनची असतात, त्यामुळे नव्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं. पन्नास-साठच्या दशकात आमच्या मालवण किनाऱ्यावर जाळी सुताची नाहीतर तागाची असत. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अवाढव्य जाळं. एका वाडीतल्या सगळ्या घरांचे तुकडे जोडून ते होतं, आणि ते कुजलं तर सगळी वाडी उपाशी. म्हणून दर थोड्या दिवसांनी जाळ्याला "साल द्यायची" पद्धत होती. डोंगरातून आणलेली ऐनाच्या झाडाची साल मोठ्या तांब्याच्या भाणात उकळायची आणि त्या काळपट तांबूस काढ्यात जाळं बुडवायचं. सालीतला तुरटपणा सुताला राखतो. पण समुद्र तो हळूहळू धुऊन नेतो आणि पुन्हा चूल पेटवावी लागते.

यावरचा नवा उपाय म्हणजे पोटॅश बायक्रोमेट. साल दिलेलं जाळं या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलं की सालीचा रंग सुतात घट्ट बसतो, मग समुद्राला तो सहज सोडवता येत नाही. सोसायटीनं हे मीठ मागवलं आणि ते वाडीवाडीतून दाखवत फिरायचं काम मला दिलं. कारण एवढंच, की मी इंटरपर्यंत शास्त्र शिकलो होतो आणि नापास झालो होतो.

दिसायला इतकं देखणं विष मी दुसरं पाहिलं नाही. शेंदरी तांबडे, चकचकीत खडे. वास नाही. चिमूटभर टाकलं तर बादलीभर पाणी केशरी होतं. त्याची पूड नाकात गेली तर नाकातून रक्त येतं आणि बरीच वर्षं गेली तर आतला पडदा झिजून भोक पडतं. हाताला साधा ओरखडा असला तर तिथे शिरून ते मांस खातं. माझ्या उजव्या हातावर असे तीन खळगे आहेत, मसुराची डाळ बसेल एवढे. ते स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला पेटवायला फार हौशी. काथ्या, गवत, तेलकट चिंध्या यांच्याजवळ ते सांडलं आणि ठिणगी पडली, तर आग हटायचं नाव घेत नाही. एका दुकानदारानं त्याचा डबा काथ्याच्या भाऱ्यांवर, वर टांगलेल्या कंदिलाच्या बरोबर खाली ठेवला होता. तो मी उचलून बाहेर आणला तेव्हा "सोसायटीचे लोक भित्रे" अशी माझी ख्याती झाली. मी ती आनंदानं मिरवली.

शिकवत फिरतो म्हणून लोक मला मास्तर म्हणत. गिऱ्हाइकंही एकेक भेटली. मिठबावचे एक बागायतदार खड्यांकडे बघून भारावून गेले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरानू, ह्या दोन चमचे कलमाच्या आळ्यात घातला तर आंब्याक असो रंग येतलो काय?"

"रंगाचं माहीत नाही, कलम मात्र जाईल," मी म्हटलं.

"तुमका लोकांचा भला बघवणा नाय," ते म्हणाले आणि मी सहकार्य करत नाही अशी तक्रार सोसायटीत करून आले.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मालवणच्या उत्तरेला खाडीपलीकडे एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, माणसं तिथे अजून नांदत आहेत. तिथल्या रापणीचा म्होरक्या वामन, आणि वामनची आई भागीकाकी. वाडीची साल उकळायचं काम काकीचं. साठीची बाई, हातपाय सुकटासारखे, आवाज मात्र भरतीच्या लाटांवरून पलीकडे जाणारा. साल तयार झाली की नाही हे ठरवायची तिची एकच रीत होती. नारळाच्या करवंटीची डवली भाणात बुडवायची, फुंकर मारून घोट तोंडात घ्यायचा, ओठ मिटून मनात वीस आकडे मोजायचे. जीभ आखडली तर साल तयार. नाही आखडली तर आणखी लाकडं. तिनं मान हलवल्याशिवाय जाळ्याचा धागाही भाणात जात नसे. किनाऱ्यावर सगळीकडे म्हातारी माणसं असं चाखत, पण काकीच्या जिभेचा शब्द आसपासच्या चार वाड्यांत अखेरचा मानत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला हे सारं करून दाखवलं. घोट तोंडात फिरवून ती सरळ गिळून टाकायची. सालीच्या पाण्यानं पोट साफ राहतं म्हणायची.

"खंयचो रे तू?" तिनं विचारलं.

"वैभववाडीकडचा."

"म्हणजे साल तुझ्या गावची आणि जाळी आमची. आणि ह्या तांबडा मीठ कोणाच्या गावचा?"

"कारखान्यातलं आहे, काकी."

"कारखान्यात कोणी चाखून बघल्यान काय ताका?"

मी हसलो. नुसता हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. कचेरीतून मला इंग्रजीत दोन पानांचा कागद मिळाला होता, मीठ हाताळताना घ्यायच्या काळजीचा. त्याचं मराठी पत्रक करून वाडीवाडीत वाटायचं होतं. फुलस्केपच्या एका पानात सारं बसवायचं, कारण सायक्लोस्टाइलचा कागद मोजका. मी मन लावून लिहिलं. मुलांपासून दूर ठेवा. उघड्या जखमेला लागू देऊ नका. उरलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका. पान भरत आलं आणि एक ओळ उरली, "चव घेऊन पाहू नये." मला वाटलं, असलं जहाल विष कोण शहाणा चाखणार? विषारी आहे असं वर लिहिलंच आहे. मी ती ओळ गाळली आणि खाली सोसायटीचं नाव ठळक काढलं.

पत्रक मी देवळात पुरुषमंडळी जमवून वाचून दाखवलं. साल उकळतात बायका, हे मला दिसत होतं. पण सभा म्हणजे पुरुषांची, असंच मी आणि त्यांनी दोघांनी धरलं होतं.

गणपती होऊन गेल्यावर, समुद्र शांत झाल्यावर प्रात्यक्षिक ठरलं. सकाळची वेळ. वाळूवर चूल, चुलीवर भाण. काकीनं साल चाखली, मान हलवली, जाळं बुडालं. पलीकडे लाकडी पिंपात मी मिठाचं पाणी केलं. काठीनं ढवळलं, खडा उरला नाही हे पाहिलं. मग हात धुवायला समुद्राकडे गेलो. तीस पावलंही नसतील. पुरुष भाणातलं जड जाळं निथळायला उचलत होते, सगळ्यांच्या पाठी पिंपाकडे.

हात धुऊन वळलो तर काकी पिंपाजवळ उभी. हातात डवली, ओठ मिटलेले, डोळे अर्धवट झाकलेले. ती मोजत होती.

तिच्या वाडीत कोणत्याही भांड्यात जाळं जायचं तर आधी तिच्या जिभेवरून जायचं. तिच्या लेखी ती आपलं काम चोख करत होती.

त्या क्षणी एकच शब्द उपयोगाचा होता, "थुंका". तो मला सुचला नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "काकी!" ती दचकली. तिच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली मी तेवढ्या लांबून पाहिली. घोट आत गेला होता.

धावत पोचेपर्यंत ती थुंकायला लागली होती. ओठ आणि दात केशरी.

"अरे मेल्या, बोंब कित्याक मारलंस? गिळलंय ना मी! जिभेर निखारो ठेवल्यासारा झाला." आणि तशीच वाळूवर बसली.

चूळ भरायला लावलं, पुन्हा पुन्हा. कोणी दूध आणलं, कोणी अंडी. मी वामनला म्हटलं, "होडी काढ. आत्ताच्या आत्ता." तो होडीकडे धावला. निघताना मी वामनच्या बायकोला, सुभद्रेला, सांगितलं की पिंपाजवळ कोणाला फिरकू देऊ नको. तिनं हातातलं वल्हं रोवलं आणि पिंपापुढे उभी राहिली.

खाडी ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवण. सहा जण वल्ही मारत होते आणि वारा तोंडावर. काकी तळाशी, डोकं वामनच्या मांडीवर. तिला उलट्या होत होत्या, आधी पिवळ्या, मग तांबूस. मला आयुष्यात त्या एकाच दिवशी होडी लागली नाही. मी मनात हिशेब करत होतो, पाणी किती, मीठ किती, घोट किती, त्यातला आत किती गेला असेल. दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. काकी मध्येच डोळे उघडून माझ्याकडे बघे आणि मिटे.

डॉक्टर वयस्कर, तुटक बोलणारे. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "कोणतं मीठ?" मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, कपाटातून जाड पुस्तक काढलं, चष्मा वर करून एक पान वाचलं आणि आत गेले. नळी घालून पोट धुतलं. बाहेर आले तेव्हा वामन उभा राहिला.

"डॉक्टरानू, आवय वाचतली मा?"

"आज सांगता येत नाही. पोट सुटेल, जळजळ होईल, ते निभेल. खरा धोका मूत्रपिंडांना आहे. लघवी सुरू झाली तर बाई तुमच्या. नाही झाली तर माझ्याकडे इलाज नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही इथे बसून काय करताय? ते पिंप तिकडे उघडं आहे ना?"

मी चालत आणि तरीच्या होडीनं खाडी ओलांडून परत गेलो. दुपार कलली होती. सुभद्रा वल्हं धरून अजून तिथेच होती, जेवली नव्हती. भोवती बायका आणि वाडीतली सगळी कुत्री. माझ्या पेटीत हिराकस होती, हे विष मोडण्यासाठी ठेवलेली. ती पाण्यात विरघळवून मी पिंपात ओतत गेलो. केशरी पाणी मळकट झालं, मग शेवाळी, मग हिरवं. या मिठाचं तेवढं बरं आहे, त्याचं विष उतरलं की रंगावरून कळतं. हिरवंही पिण्याजोगं नसतंच, पण जहालपणा मोडलेला असतो. विहिरीपासून दूर खड्डा खणून ते आम्ही पुरलं. हे करताना मी बायकांना एकेक गोष्ट सांगत होतो, पत्रकातली आणि पत्रकाबाहेरची.

सुभद्रेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्या आमका आधी कित्याक नाय सांगलास?"

मी खड्ड्यावर माती लोटत राहिलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पडवीत अर्धी वाडी बसून होती. रापण किनाऱ्यावर तशीच पडलेली, कोणी समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं. आतून कोणी आलं की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, आणि कोणी काही बोलायच्या आधीच खाली जायच्या. एका म्हातारीच्या लघवीची इतक्या पुरुषांनी इतकी वाट कधी पाहिली नसेल. एरवी यावर वाडीत वर्षभर थट्टा चालली असती. त्या दिवशी कोणाला हसू येत नव्हतं. चोवीस तास उलटून गेले होते आणि थेंब नव्हता. तिच्या डोळ्यांखाली सूज दिसायला लागली होती.

दुपारी काकीनं मला आत बोलावलं. वामन आणि दोन वयस्कर माणसं तिथे होती. तिचे ओठ सोलून निघाले होते, बोलणं जाड झालं होतं.

"मास्तरा, खरा सांग. त्या कागदार लिवलेला होता काय, चाखू नको म्हणान? हे सगळे माका म्हणतत, मास्तरान सांगल्यान आसतला, म्हातारीच आयकूक नाय. मराचा तर मरान. पण मूर्ख म्हणान मराचा नाय माका."

मी होय म्हटलं असतं तर सगळे मान्य करणार होते. वामनला वाचता येत होतं, पण त्याचं पत्रक भिजून गेलं होतं आणि तो कोणाला शपथेवर काही सांगू शकत नव्हता. सोसायटीतली नोकरी, नवं लग्न, घाटाखालचं घर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. खोटं बोलायचा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता.

"नव्हतं लिहिलेलं, काकी. साहेबांच्या कागदात होतं. मी गाळलं."

"कित्याक?"

"जागा नव्हती. आणि वाटलं, असलं कोण चाखतंय."

"मी चाखतंय," ती म्हणाली. "तू बघलेलंस."

वामन उठला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या आणि मी मार खायला तयार होतो, खरं सांगायचं तर मला तो हवा होता.

"बस रे," काकी म्हणाली. "त्येना खरा सांगल्यान मा? आता भायर जा आणि सगळ्यांक सांग, म्हातारी खुळी नाय म्हणान."

वामन बाहेर गेला आणि त्यानं सांगितलं. त्यानंतर पडवीत माझ्या बाजूला कोणी बसलं नाही. मी कठड्याशी उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतून सुभद्रेचा आवाज आला. पाठोपाठ वामन धडपडत बाहेर. "झाली! आवशीक झाली!" मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "किती?" वामननं दोन्ही हातांनी लहान तांब्याचं माप दाखवलं आणि तिथेच रडायला लागला. मी पायरीवर बसलो. कोणीतरी माझ्या हातात चहाचा पेला दिला. तीन दिवसांत वाडीतल्या माणसानं माझ्या हाती दिलेली ती पहिली वस्तू.

मी सोसायटीला स्वतः अहवाल लिहिला, गाळलेल्या ओळीसकट. ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पुढची सगळी पत्रकं सायक्लोस्टाइलवरच निघाली, पण पहिलीच ओळ, "चव घेऊन पाहू नये", मी प्रत्येकावर हातानं लाल शाईत लिहिली, आणि पत्रकं देवळात न वाचता चुलीपाशी वाचली.

काकी वाचली, पण तिची जीभ वाचली नाही. जखमा भरल्या तरी चव परत आली नाही. "मीठ काय आणि साकर काय, सारख्याच," ती म्हणायची. साल चाखली तर नुसतं कोमट पाणी. चार वाड्यांत जिच्या जिभेचा शब्द चाले ती बाई भाणाजवळ दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी माफी मागायला गेलो तेव्हा तिनं ती घेतली नाही. शिक्षा सांगितली.

"माझी जीभ तुझ्या कागदान गेली. आता साल उकळतली तेव्हा तू येतलंस. तू चाखतलंस."

मी गेलो. किती तरी वर्षं गेलो, निरोप आला की सायकल तरीवर चढवून. सुरुवातीला मला काहीच कळत नसे. "तुझी जीभ हापिसातली," ती वैतागायची. "आखडली काय? खंय आखडली? टोकाक की मुळाक?" हळूहळू मला टोक आणि मूळ कळायला लागलं. माझ्याच गावच्या ऐनाची चव मी समुद्रावर, पस्तिशीला येऊन शिकलो. एक गोष्ट मात्र ती दर वेळी करायची. मी डवली तोंडाला लावली की माझ्या हनुवटीशी हात धरून उभी राहायची. वीस मोजून झाले की म्हणायची, "थुंक." सालीच्या पाण्यानं काही होत नाही, आयुष्यभर तिनं स्वतः ते गिळलं होतं. पण मला एक थेंब गिळू दिला नाही.

मग नायलॉन आलं. नायलॉनला साल लागत नाही की मीठ लागत नाही. सोसायटीनं बायक्रोमेट मागवणं बंद केलं आणि उरलेले डबे मी एकेक करून निकालात काढले. भाणं घरोघर आंघोळीच्या पाण्याला लागली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी सुटलो असंच वाटलं.

तरी एकदा निरोप आलाच. वामनकडे सुताचा एक जुना तुकडा उरला होता, कामाचा नव्हे. काकीनं चूल पेटवली होती. वाळूवर निळी जाळी वाळत पडलेली, आणि त्यांच्यामध्ये हे एकच भाण. काकी खूप थकली होती. मी घोट घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हनुवटीशी हात. मी मोजलं. जीभ मुळापासून आखडली, अशी यापूर्वी क्वचितच आखडली असेल.

मी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती एवढ्या जोरात ओरडली की वामन घरातून बाहेर आला.

"थुंक! आधी थुंक रे बाबा!"